घट

मी अंबडला वजनकाट्यावर बसते.
ट्रक भरून येतो, आकडा लिहिते.
रिकामा जातो, आकडा लिहिते.
मोठ्यातून लहान वजा केला की उरतो तो माल.
समुद्र मी पाहिलेला नाही,
पण त्याची पावती रोज फाडते.

जहाज इथे अख्खं येत नाही.
अलंगच्या किनाऱ्यावर त्याचे मोठे तुकडे पडतात,
ताडपत्रीखाली घाट चढून येतात,
आणि आमच्या यार्डात सोमा भोये त्यांचे लहान करतो,
भट्टीच्या तोंडात मावतील एवढे.

सोमा सुरगाण्याकडचा.
म्हणतो, आमची नदी गोदावरीसारखी नाही,
मावळतीला जाते, गुजरातेतून थेट दर्यात.
"म्हणजे ताई, आमचं पाणी तिकडं गेलं
आन् तिकडचं लोखंड इकडं आलं.
मी मधीच."

एका पत्र्यावर कुठल्याशा बंदराचं अर्धं नाव होतं.
उरलेलं अर्धं दुसऱ्या ट्रकमध्ये, किंवा कुठेच नाही.
रंगाचे थर: लाल, त्याखाली करडा, त्याखाली आणखी लाल.
ज्योत टेकली की रंग आधी फुगतो,
मग पिवळा धूर, गोडसर.
जिभेवर नाणं ठेवल्यासारखं लागतं, सोमा सांगतो.
सुट्टी झाली की मुकादम गुळाचा खडा देतो.
गुळानं छाती साफ होते,
त्याचा बापही हेच सांगायचा, खोकत खोकत.
कटर दोन, काळा चष्मा एक.

तपासणीला साहेब आले त्या दिवशी
बारा हेल्मेटं, बारा जोड बूट.
संध्याकाळी मोजून परत घेतले.
अकराच भरले. बाराव्यासाठी
सगळ्यांच्या पिशव्या उघडल्या, डबेसुद्धा.

इंजिनाच्या पाइपांना गुंडाळलेलं पांढरं कापड निघतं,
मऊ, आगीत टाकलं तरी न जळणारं.
सोमाच्या बायकोनं, हिरीनं, त्याचे दोन तुकडे घरी नेले,
चुलीवरचं भगुनं उतरवायला.
झटकलं की धागे उन्हात तरंगतात,
पोरगी ते पकडायला धावते.
मी कुठेतरी वाचलं होतं. सांगितलंही.
हिरी म्हणाली, मग तापलेलं धरू कशानं?

पावतीवर एक रकाना आहे: घट.
कापताना, जळताना जे उडून जातं ते.
शंभराला दोन धरायचे, असा रिवाज.
शेठ घट सोसतो, व्यापारी घट सोसतो,
हिशेब जुळतो.
उडालेली ती बसते कुठे,
हे विचारायला माझ्याकडे रकाना नाही.

दिवाळीत गंमत म्हणून सोमा काट्यावर उभा राहिला.
साठ.

मग निफाडकडे द्राक्षमणी तडकतात तसली थंडी पडली.
रात्री राखणीला झोपताना तो
भंगारातलं नारिंगी लाइफ जॅकेट घालायचा.
त्याला दोरीनं बांधलेली एक शिट्टी.
"ही कशाला वं ताई?"
बुडताना वाजवायची, मी म्हटलं, म्हणजे कोणीतरी येतं.
तो हसला. तोंडात धरली, गाल फुगवले.
नुसती हवा आली,
तीही अर्ध्यावर खोकल्यात गेली.
"पाणी कुठंय पण," म्हणाला.

होळीला घरी जायच्या आधी परत उभा राहिला.
पन्नास.
आमचा काटा दहा-दहानं मोजतो,
मधलं काही सांगत नाही.

आता त्याच्या जागी त्याचा मेहुणा आहे, यशवंत.
चष्मा अजून एकच. गूळ तोच.
जॅकेट खिळ्याला टांगलंय, शिट्टी आहे की नाही
मी बघितलं नाही.

ट्रक लागलाय. भरलेला: एकवीस हजार चारशे साठ.
रिकाम्याचा आकडा आला, माल निघाला,
'घट'समोर पेन टेकवून बसलेय,
दोन लिहायचे आहेत फक्त.
मागे ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.